बंद होण्याआधीचं दीड मिनिट

शंकेखोर: बंगळुरूच्या कोरमंगलात राहून माझं एक मत पक्कं झालं आहे. संगणक नीट बंद करण्याला आपण नको इतकं महत्त्व देतो. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, एखादी फांदी तारांवर कोसळते आणि लाइट जाते. तळघरातला जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात, आणि तेवढ्यात यूपीएस नसलेले आसपासचे सगळे संगणक एकदम बंद पडलेले असतात. कुणी ‘शट डाउन’ दाबलेलं नसतं, कुणी कुणाला विचारलेलं नसतं. लाइट आली की तेच संगणक पुन्हा उठतात आणि बहुतेक वेळा सगळं जागच्या जागी असतं. मग रोज संध्याकाळी ते फिरणारं वर्तुळ पाहत का बसायचं? खटका ओढूनही तेच साधत असेल, तर या सगळ्या सोपस्काराची गरज काय?

उत्साही: सगळं जागच्या जागी होतं हे तुम्हाला कसं कळलं? पडदा उजळला म्हणून? संगणक चालू असतो तेव्हा तुमचं काम दोन ठिकाणी असतं, थोडं डिस्कवर आणि थोडं मेमरीत. ही मेमरी, म्हणजे डीरॅम, आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९६०च्या दशकात शोधली. तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमधला विद्युतभार. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ वाचून पुन्हा भरावी लागते. वीज गेली की हे भरणं थांबतं आणि उरतं ते डिस्कवरचं. पण डिस्क मेमरीच्या मानाने फार संथ, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचं काम मागे ठेवते. तुम्ही ‘सेव्ह’ दाबता, प्रोग्रॅम ‘झालं’ म्हणतो, आणि मजकूर मेमरीतच थांबलेला असतो. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत तो तीसेक सेकंद असा थांबू शकतो. म्हणजे तुम्हाला दिसणारा संगणक आणि डिस्कवर उमटलेला संगणक यांच्यात कायम थोडं अंतर असतं. नीट बंद होणं म्हणजे ते अंतर शून्यावर आणणं. खटका ओढलात की ते आहे तसं राहतं, आणि काय गेलं हे त्या वेळी कुणालाच दिसत नाही.

शंकेखोर: मग दोष त्या अंतराचा आहे, आणि इलाजही तिथेच व्हायला हवा. वीज पूर्वसूचना देऊन जात नाही. संगणकाच्या एटीएक्स पॉवर सप्लायच्या मानकात वीज गेल्यावर पुरेल असा साठा साधारण १६ मिलिसेकंदांचा धरलेला आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनही २० मिलिसेकंदांचं असतं. एवढ्या वेळात तीस सेकंदांची थकबाकी कोण फेडणार? म्हणून शहाण्या लोकांनी वेगळी वाट काढली. आपल्याकडचे व्यापारी व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपत आणि मग सवडीने खतावणीत चढवत. खतावणी अर्धवट राहिली तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा उभी करता येई. डेटाबेस हेच करतो: बदल करण्याआधी बदलाची नोंद पक्की करतो. आयबीएममध्ये सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ‘एरीज’ या नावाने ही पद्धत इतकी काटेकोर मांडली, की पुढचे कितीतरी डेटाबेस तिच्यावर उभे राहिले. फाइल सिस्टिमनेही हाच मार्ग धरला, विंडोजच्या एनटीएफएसने १९९३मध्ये आणि लिनक्सच्या ईएक्सटी३ने २००१मध्ये. स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी तर २००३ साली सरळच विचारलं, की अचानक मरणातून सावरण्याची सोय करावीच लागणार असेल, तर नीट बंद करण्याची दुसरी वाट ठेवायचीच कशाला? बंद करायचं म्हणजे मारायचं, आणि सुरू करायचं म्हणजे सावरायचं. एकच रस्ता, रोज वापरातला, म्हणून रोज तपासलेला. मला यात फार मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

उत्साही: प्रामाणिकपणा मलाही दिसतो. पण फाइल सिस्टिमची रोजकीर्द नेमकं काय वाचवते ते पाहा. बहुतेक वेळा ती स्वतःची रचना वाचवते: कोणती फाइल कुठे, तिची लांबी किती, तिच्या ताब्यात कोणते ब्लॉक. आतला तुमचा मजकूर वाचेलच असं नाही. २००९ साली ईएक्सटी४ नवी होती, तेव्हा उबुंटू वापरणाऱ्या काहींना संगणक अचानक बंद पडल्यावर आपल्या सेटिंगच्या फायली शून्य बाइटच्या झालेल्या आढळल्या. फाइल सिस्टिमच्या दृष्टीने सगळं सुसंगत होतं, फक्त फायली रिकाम्या होत्या. आणि डिस्क स्वतः तरी कुठे साधी राहिली आहे? एसएसडीच्या आत एक छोटा संगणकच असतो. कोणता डेटा चिपच्या कोणत्या कोपऱ्यात आहे याचा नकाशा तो सतत बदलत असतो, आणि त्या नकाशाचा ताजा भाग त्याच्याही मेमरीत असतो. २०१३ साली ओहायो स्टेट विद्यापीठ आणि एचपी लॅब्जच्या संशोधकांनी १५ एसएसडींची वीज मुद्दाम पुन्हापुन्हा तोडून पाहिली. त्यांतल्या १३ कुठे ना कुठे चुकल्या. कुठे बिट बिघडले, कुठे लिखाण अर्धंच झालं, एक तर कायमची गेली. म्हणजे तुमची रोजकीर्द ज्या कागदावर लिहिलेली आहे, तो कागदच वीज जाताना फाटू शकतो. सर्व्हरसाठीच्या महाग एसएसडीत यासाठी वेगळे कपॅसिटर बसवतात. घरातल्या लॅपटॉपच्या डिस्कमध्ये ते बहुधा नसतात.

शंकेखोर: मानलं. मग नीट बंद होताना त्या एसएसडीला वेगळं काय मिळतं? शेवटी वीज तिचीही जातेच.

उत्साही: तिला निरोप मिळतो, आणि योग्य वेळी मिळतो. मला या प्रक्रियेची खरी ओढ वाटते ती तिच्या क्रमामुळे. लिनक्सवर ‘पॉवरऑफ’ दिलं की सिस्टमडी हा पहिला प्रोसेस सगळ्या सेवा थांबवायला लागतो, पण ज्या क्रमाने त्या सुरू झाल्या त्याच्या उलट क्रमाने. वेब सर्व्हर डेटाबेसवर अवलंबून आहे असं सांगून ठेवलेलं असेल, तर आधी वेब सर्व्हर थांबतो, मग डेटाबेस, मग नेटवर्क. ज्याच्यावर कुणी विसंबून आहे त्याने आधी जायचं नाही, हा नियम. प्रत्येकाला ‘सिगटर्म’ हा संकेत जातो. त्याचा अर्थ ‘आवरतं घे’. प्रोग्रॅम हातातलं काम पुरं करतो, फायली बंद करतो आणि आपण होऊन थांबतो. नंतर मेमरीत मागे राहिलेला मजकूर डिस्कवर उतरतो आणि फाइल सिस्टिम अनमाउंट होतात. मग कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला सांगतो की आता वीज जाणार आहे. याच टप्प्यावर डिस्कला तिची मेमरी रिकामी करायचा हुकूम मिळतो. एसएसडी आपला नकाशा पक्का करते, जुनी हार्ड डिस्क आपली हेड्स तबकड्यांवरून बाजूला घेऊन ठेवते. सगळ्यात शेवटी मदरबोर्डच्या एका रजिस्टरमध्ये काही बिट लिहिले जातात आणि पॉवर सप्लायचा मुख्य प्रवाह तुटतो. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६मध्ये एसीपीआय हे मानक काढलं, त्यातली ही ‘एस-फाइव्ह’ अवस्था. त्याआधीच्या बऱ्याच संगणकांना स्वतःची वीज तोडताच येत नव्हती. विंडोज ९५ पडद्यावर लिहायचं की आता संगणक बंद करायला हरकत नाही, आणि बटण माणसाने दाबायचं. तुम्ही ज्याला सोपस्कार म्हणता, त्यात एवढी सगळी देणीघेणी मिटत असतात.

शंकेखोर: क्रम सुरेख आहे, पण तो पाळला जाईल याची हमी त्याच क्रमात नाही. ‘आवरतं घे’ सांगितल्यावर जो आवरत नाही त्याचं काय? सिस्टमडी ठरीव मांडणीत ९० सेकंद वाट पाहतो आणि मग ‘सिगकिल’ पाठवतो. तो संकेत प्रोग्रॅमला अडवता येत नाही, ऐकूही येत नाही. म्हणजे तुमच्या सगळ्या शिष्टाचाराच्या तळाशी माझा खटकाच आहे, फक्त दीड मिनिट उशिराने. दुसरं म्हणजे, लोक ज्याला बंद करणं समजतात ते पुष्कळदा बंद करणं नसतंच. २०१२च्या विंडोज ८पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ‘शट डाउन’ दाबल्यावर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण कर्नल आणि ड्रायव्हर यांचं चित्र डिस्कवर उतरवून ठेवलं जातं आणि दुसऱ्या दिवशी तेच परत मेमरीत भरलं जातं. ड्रायव्हरमध्ये अडकलेला दोष रात्रभर ‘बंद’ राहूनही सकाळी तसाच उठतो. म्हणून तर मदतीच्या फोनवरचा माणूस ‘रीस्टार्ट’ करायला सांगतो. आणि तिसरं, कोरमंगलातल्या रस्त्यांवर खरे संगणक कोणते आहेत बघ. डिलिव्हरीवाल्यांच्या हँडलवर अडकवलेले फोन. अँड्रॉइडमध्ये मागे गेलेलं अॅप मेमरी कमी पडली की थेट मारलं जातं. शेवटचा निरोप मिळेल अशी हमी अॅप लिहिणाऱ्याला कुणी देत नाही. त्याला सांगितलेलं असतं की पडद्यावरून हटतानाच जपायचं ते जपून ठेव. अब्जावधी यंत्रं माझ्याच मताने चालली आहेत.

उत्साही: आणि त्या फोनच्या पलीकडे जे सर्व्हर आहेत ते माझ्या मताने चालतात. फ्लिपकार्ट २००७ साली याच कोरमंगलातल्या एका फ्लॅटमधून सुरू झाली. त्यानंतर इथे कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्या, आणि अशा कंपन्यांचे सर्व्हर दिवसातून अनेकदा बंद होतात. बिघाड होतो म्हणून नव्हे. नवी आवृत्ती चढवायची असते, गर्दी ओसरलेली असते. सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमच्या प्रती सांभाळणारं कुबरनेटीस हे काम करतं तेव्हा जाणाऱ्या प्रतीला नवी कामं पाठवणं थांबवलं जातं आणि तिला ‘सिगटर्म’ जातो. ठरीव मांडणीत ३० सेकंदांची मुदत असते. तेवढ्यात हातातल्या मागण्या पुऱ्या करून तिने जायचं. ही मुदत नसेल तर काय होईल? एखाद्याचे पैसे खात्यातून गेलेत आणि ऑर्डरची नोंद व्हायची आहे, नेमकं त्याच क्षणी ती प्रत मरेल. ग्राहकाच्या लेखी पैसे गेले आणि वस्तू नाही.

शंकेखोर: तो क्षण खटक्यानेही येऊ शकतो, म्हणून व्यवहाराला एक क्रमांक द्यावा आणि तोच व्यवहार दुसऱ्यांदा आला तरी पैसे एकदाच कापले जातील अशी रचना करावी. मग प्रत कधीही मरो. नेटफ्लिक्सने ‘केऑस मंकी’ नावाचा प्रोग्रॅम याचसाठी केला. तो चालू सर्व्हर मुद्दाम, कुठलाही हाताला लागेल तो बंद पाडतो, तेही कामाच्या वेळी, माणसं जागेवर असताना. तुझ्या सुरळीत मार्गाची सवय झाली की दुसरा मार्ग गंजतो. जे रोज नीट बंद होतं, ते एके दिवशी नीट बंद झालं नाही तर उठेल का, हे कुणीच तपासलेलं नसतं. आणि एवढी काळजी घेऊनही दगा होतोच. चंद्रावर उतरलेल्या इस्रोच्या विक्रम लँडरचं आणि प्रज्ञान रोव्हरचं उदाहरण आपल्याच शहरातलं आहे. किती निगुतीने झोपवलं होतं त्यांना! उठले नाहीत.

उत्साही: ते उदाहरण तर माझ्या बाजूचं आहे. २३ ऑगस्ट २०२३ला विक्रम उतरलं. २ सप्टेंबरला प्रज्ञान झोपवल्याचं इस्रोने जाहीर केलं. ४ सप्टेंबरला विक्रमची पाळी आली. इस्रोने सांगितलेला क्रम आठवा. त्याआधी विक्रमने छोटी उडी मारून जागा बदलली होती. नव्या जागी मोजमापं झाली, ती पृथ्वीवर पोचली, मग उपकरणं बंद केली, आणि रिसीव्हर तेवढे चालू ठेवले. प्रज्ञानची बॅटरी भरलेली होती आणि त्याचं सौर पॅनल २२ सप्टेंबरच्या अपेक्षित सूर्योदयाकडे वळवलेलं होतं. चौदा दिवसांची रात्र, शून्याखाली शंभरापेक्षा कितीतरी अधिक अंश थंडी. ती सोसण्यासाठी ही यंत्रं बनवलेलीच नव्हती, उठली तर तो वरकड लाभ होता. ती उठली नाहीत, पण हरवलं काय? मोजमापं आधीच बंगळुरूला पोचली होती. नीट बंद करणं म्हणजे पुन्हा उठण्याची खात्री नव्हे. न उठल्यास काय गमवायचं नाही, हे आधी ठरवणं म्हणजे नीट बंद करणं.

शंकेखोर: तू माझंच म्हणणं माझ्यापेक्षा चांगलं मांडलंस. मोजमापं वाचली ती झोपवल्यामुळे नाही, वेळीच पाठवल्यामुळे. समज, ४ सप्टेंबरच्या पहाटे एखादा दगड लागून विक्रम बंद पडलं असतं, तरी तोवर पोचलेलं सगळं पोचलेलंच होतं. म्हणजे मुद्दा बंद करण्याचा नाही, ‘झालं’ कधी म्हणायचं याचा आहे. जे टिकणाऱ्या जागी पोचलं आहे त्यालाच ‘झालं’ म्हणायचं. तेवढा नेम पाळला की बंद करताना निस्तरायला काही उरत नाही.

उत्साही: यावर आपलं एकमत आहे. ‘झालं’ हा शब्द खरा असला पाहिजे. बँकेच्या व्यवहारात तो खरा असावाच, तिथे डिस्कचा होकार येईपर्यंत थांबावं. पण प्रत्येक अक्षरागणिक डिस्कसाठी थांबणारा लेखन-प्रोग्रॅम कोण वापरेल? त्यामुळे थोडं अंतर राहणारच. शिवाय असं काम असतंच ज्याला अजून कुणी ‘झालं’ म्हटलेलं नाही. अर्धा लिहिलेला परिच्छेद, न पाठवलेलं पत्र, कुठला बदल ठेवायचा हे न ठरलेलं चित्र. यंत्राने ते आपल्या मनाने जपून ठेवलं तरी ते ठेवायचं की टाकायचं हे माणसाच्या हातात आहे. बंद होताना ‘हे ठेवू का?’ असं यंत्र विचारतं, तेव्हा ते निर्णय ज्याचा आहे त्याच्याकडे सोपवतं. तुमच्या खटक्यात हा प्रश्न विचारायला जागाच नाही. म्हणून म्हणते, यूपीएस घेणार असाल, तर त्याची यूएसबी तारही संगणकाला जोडा. ती नसेल तर यूपीएस फक्त तुमचा खटका पंधरा मिनिटं लांबवतो. ती असली की बॅटरी संपत आल्याचं संगणकाला कळतं आणि तो आपण होऊन आवरायला लागतो.

शंकेखोर: तार जोडीन, त्यात शहाणपण आहे. पण तिथेच माझी खरी शंका सुरू होते. संगणकाने आवरायला घेतलं, सगळे थांबले, एक प्रोसेस थांबत नाही. तो काय करतोय? कदाचित मोठा डेटाबेस आहे, मेमरीतला डोंगर डिस्कवर उतरवतोय, त्याला आणखी चार मिनिटं हवी आहेत. कदाचित तो कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत अडकून पडलाय. बाहेरून दोघे सारखेच दिसतात. कोणताही प्रोग्रॅम कधी थांबेल का हे सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे अॅलन ट्युरिंग यांनी १९३६मध्येच दाखवून दिलं. मग ९० सेकंद म्हणजे काय? कुणीतरी कधीतरी केलेला अंदाज. तो कमी पडला तर जिवंत काम मारलं जातं. वाढवला तर अडकलेल्या एकापायी बॅटरी संपते आणि रांगेत मागे उभे असलेले, ज्यांचं अजून काही वाचवता आलं असतं, तेही जातात. तुझ्या क्रमातला शेवटचा आधार म्हणजे एक आकडा आहे, आणि त्या आकड्याला कसलाच आधार नाही.

उत्साही: आधार आहे, पण तो अर्धा अर्धा वाटलेला आहे. आपल्याला किती वेळ लागेल आणि मधे तोडलं तर काय बिघडेल, हे सेवा लिहिणाऱ्याला ठाऊक असतं. म्हणून प्रत्येक सेवेला आपली मुदत वेगळी लिहून ठेवता येते, आणि लांबणारं काम करणाऱ्या सेवेला ‘मी जिवंत आहे, आणखी वेळ द्या’ असं सिस्टमडीला कळवताही येतं. आकड्याच्या जागी बोलणं ठेवता येतं.

शंकेखोर: आणि बॅटरीत किती उरलंय हे यंत्र सांभाळणाऱ्याला ठाऊक असतं, लिहिणाऱ्याला नाही. लिहिणारा म्हणेल दहा मिनिटं द्या, कारण त्याला आपलं काम मोलाचं वाटतं. सांभाळणारा म्हणेल दोन मिनिटं आहेत आणि सेवा चाळीस आहेत. ‘आणखी वेळ द्या’ म्हणणारा खरंच पुढे सरकतोय की अडकल्या जागेवरून तेवढंच म्हणत राहिलाय, हे तरी कोण तपासणार?

उत्साही: म्हणजे नीट बंद करावं की खटका ओढावा, हा आपला वाद राहिलेलाच नाही. खटका येणारच, म्हणून ‘झालं’ खरं असायला हवं, इतकं मी तुमच्याकडून घेतलं.

शंकेखोर: आणि ज्याला अजून ‘झालं’ म्हटलेलं नाही अशा कामालाही थोडी मुदत द्यावी, हे मी तुझ्याकडून घेतलं. पण वीज मोजकी असताना कुणाच्या अपुऱ्या कामासाठी किती थांबायचं, हे माझ्या मते यंत्र सांभाळणाऱ्यानेच ठरवावं. रांगेतल्या सगळ्यांसाठी तो उत्तर देणार असतो.

उत्साही: माझ्या मते ते काम ज्याचं आहे त्यानेच ठरवावं. काय बुडणार आहे हे फक्त त्यालाच ठाऊक असतं. आणि हे वीज जाण्याआधी ठरलेलं असावं. जिथे ते कुणीच ठरवलेलं नाही, तिथे ९० हा आकडा आपल्या दोघांच्या वतीने ठरवत राहतो.